लाळग्रंथींचा कॅन्सर : जखम भरली तरी तपासणी सोडू नका

तोंडाचा कॅन्सर म्हटले की आपल्या वस्तीत तंबाखू, मिश्री, गुटखा आठवतो. ते खरेच आहे. पण लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींनाही कॅन्सर होतो. तो दुर्मीळ आहे आणि तंबाखूला कधीही न शिवलेल्या माणसालाही होऊ शकतो.

मोठ्या लाळग्रंथींच्या ३ जोड्या असतात : कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. शिवाय टाळू, ओठ, गालाच्या आत शेकडो बारीक ग्रंथी असतात. गालगुंडाची सूज दुखते आणि काही दिवसांत ओसरते. लाळेच्या नळीत खडा अडकला तर जेवताना सूज येते. पण न दुखणारी गाठ २-३ आठवडे टिकली, वाढू लागली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली किंवा जीभ बधिर वाटली, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. कानापुढच्या बहुतेक गाठी साध्या निघतात. पण ते सुईच्या तपासणीनेच कळते. गंडेदोरे आपण १९५६ सालीच सोडले. आता गाठीवर लेप लावून वाट पाहणेही सोडू या.

या कॅन्सरचा एक प्रकार 'ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा' हा आहे. तो हळू वाढतो, नसांच्या कडेने सरकतो आणि रक्तवाहिन्यांत शिरतो. तोंडाचा नेहमीचा कॅन्सर बहुधा आधी मानेच्या गाठींत उतरतो. हा मात्र मान साफ असतानाही रक्तातून दूर जाऊ शकतो. मानेच्या शिरांतले रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येते आणि तिथून थेट फुप्फुसांत जाते. तिथल्या केसांहून बारीक वाहिन्यांत कॅन्सरच्या पेशी अडकतात आणि रुजतात. म्हणून तो सर्वाधिक फुप्फुसांत आढळतो. हाडांत आणि यकृतातही जातो. ऑपरेशननंतर १० वर्षांनीही तो डोके वर काढू शकतो.

उपचार म्हणजे ऑपरेशन, आणि बहुतेकदा त्यानंतर शेक, म्हणजे रेडिएशन. पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा छातीची तपासणी करायची, खोकला नसला तरीही. फुप्फुसात गाठी दिसल्या तरी धीर सोडू नका. त्या बऱ्याचदा हळू वाढतात आणि अनेक रुग्ण वर्षानुवर्षे जगतात.

खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटा. सगळे रिपोर्ट एकाच फाइलीत जपा.

तथागतांनी आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. आपल्या विहारातल्या कुणाची तपासणीची तारीख आली, तर त्याला एकट्याला पाठवू नका. सोबत जा.