स्मिता पाटील : आपल्यात बसली तर ओळखू न येणारी हिरॉइन



आमच्या रेडिओवर सिनेमाचं कशाला, असं काही जणींना वाटेल. बचत गट, हळद, शेळ्या, लेकरांचे डोस हे आमचे नेहमीचे विषय. पण गावोगाव आम्ही बैठकांना जातो तेव्हा एक गोष्ट दिसते. लेकीबाळींच्या मोबाइलवर आता थेट कोरियाच्या मालिका चालतात. तिथल्या नटांची नावं, त्यांचे वाढदिवस, त्यांनी कुठल्या मालिकेत काय केलं, हे सगळं पोरींना तोंडपाठ असतं. आमची त्याला हरकत नाही. परक्या मुलखातला नट आवडावा यात वाईट काय? पण स्मिता पाटील कोण असं विचारलं की त्याच पोरी एकमेकींकडं बघतात. म्हणून आज तिच्याबद्दल बोलू.

स्मिताचा जन्म 17 ऑक्टोबर 1955 रोजी पुण्यात झाला. घर मूळचं खानदेशातलं, शिरपूरकडचं. वडील शिवाजीराव गिरधर पाटील स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते, पुढं महाराष्ट्रात मंत्री झाले. आई विद्याताई परिचारिका होत्या आणि समाजकार्यात होत्या. तीन बहिणींत ही मधली. रंगानं सावळी. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या काळी सिनेमाची हिरॉइन म्हणजे गोरी, असंच लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. (आता तरी कुठं पुरतं निघालंय? सोयरिकीच्या वेळी पहिला प्रश्न काय असतो, ते तुम्हाला माहीतच आहे.)

1972 साली मुंबईला दूरदर्शन केंद्र सुरू झालं. तिथं ती मराठी बातम्या वाचू लागली. टीव्हीवर बातम्या देणारीचं कमरेच्या वरचंच दिसतं, म्हणून ही जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची, ही तिची गोष्ट अजून सांगतात. तिथं श्याम बेनेगल या दिग्दर्शकाची नजर तिच्यावर पडली. ‘चरणदास चोर’, ‘निशांत’ हे तिचे सुरुवातीचे सिनेमे 1975 सालचे.

आपल्या गटांनी मात्र बघावा असा पुढचा सिनेमा, ‘मंथन’, 1976 चा. तो बनला कसा ते आधी ऐका. गुजरातमधल्या 5 लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी 2 रुपये दिले. झाले 10 लाख. त्या पैशात सिनेमा उभा राहिला. कुणी शेठ नाही, बँक नाही. महिन्याला शंभर-दोनशे जमा करणाऱ्या आपल्या बायांना हा हिशोब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. सिनेमा लागला तेव्हा शेतकरी ट्रक भरभरून बघायला गेले, कारण तो त्यांचाच होता. दूध सहकाराचे डॉक्टर वर्गीस कुरियन यांचा त्यात मोठा हात होता आणि पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची होती.

गोष्ट अशी. एक जनावरांचे डॉक्टर गावात सहकारी डेअरी काढायला येतात. गावातलं दूध आजवर एक खासगी व्यापारी पडेल भावानं घेत आलेला. फॅट तपासून पैसे द्यायचे म्हटलं तर त्याचा धंदा बसतो. सरपंचाला वेगळीच चिंता, की दलित वस्तीतली माणसं आपल्याच रांगेत उभी राहणार. स्मितानं त्यात बिंदू केली आहे. दलित वस्तीतली, पदरी लहान लेकरू, नवरा घर सोडून गेलेला. बिंदूला डेअरीचं म्हणणं पटतं आणि ती वस्तीतल्या लोकांना तिकडं वळवते. पुढं तो व्यापारी काय करतो? बिंदूचा एका कागदावर अंगठा घेतो. कागदात काय लिहिलंय ते तिला वाचता येत नाही. त्यात असते डॉक्टरांनी आपली अब्रू घेतल्याची खोटी तक्रार. ज्या माणसामुळं आपल्या दुधाला भाव आला, त्याच्याच विरुद्ध आपला अंगठा. आमच्या एका बैठकीत हा भाग सांगितला तेव्हा मागं बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “म्हणून मी कोऱ्यावर टेकवत नसते.” कर्जाच्या कागदावर, जमिनीच्या कागदावर, गटाच्या ठरावावर कुणी घाई करून अंगठा मागत असेल तर ही बिंदू डोळ्यांपुढं आणा.

या सिनेमाच्या वेळची एक आठवण सांगतात. शूटिंग बघायला पोरं आली आणि विचारू लागली, हिरॉइन कुठंय? स्मिता तिथंच गावातल्या बायांत बसलेली. दाखवली तरी पोरांना खरं वाटेना. आम्हाला तिचं मोठेपण यातच वाटतं. ती बाई झाल्याचं सोंग करत नव्हती. तिचं बसणं, डोक्यावरचा पदर, जनावराजवळ जाणं, सगळं आपल्यातलं.

1977 साली तिचे दोन महत्त्वाचे सिनेमे आले. मराठीत जब्बार पटेलांचा ‘जैत रे जैत’, त्यात ती ठाकर समाजातली चिंधी. आणि हिंदीत ‘भूमिका’. ‘भूमिका’ हंसा वाडकर या आपल्या मराठी नटीच्या आयुष्यावर बेतलेला. हंसाबाईंनी ‘सांगत्ये ऐका’ नावाचं आत्मचरित्र सांगितलं होतं. पोटासाठी लहानपणीच सिनेमात आलेली, घर चालवणारी, आणि तरी घरात कुणाचीच न झालेली बाई. स्मिता तेव्हा बाविशीतली. पण कोवळ्या पोरीपासून दमलेल्या बाईपर्यंतचं सगळं वय तिनं उभं केलं आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. झोपडपट्टीतल्या जगण्यावरच्या ‘चक्र’साठी तो दुसऱ्यांदा मिळाला. 1985 साली पद्मश्री. मध्ये तिनं ‘नमक हलाल’, ‘शक्ती’ असे अमिताभ बच्चनबरोबरचे धंदेवाईक सिनेमेही केले. ते चालले. आम्हाला विचाराल तर ती तिथं थोडी परकीच वाटते.

आमच्या मनात पहिला नंबर ‘उंबरठा’चा. 1982, दिग्दर्शक जब्बार पटेल, गोष्ट शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून घेतलेली. सुलभा महाजन ही चांगल्या घरातली सून. नवरा वकील, मारत नाही, पीत नाही. एक मुलगी आहे. खाण्यापिण्याला कमी नाही. तरी तिला काम करायचं आहे, शिकलेलं वापरायचं आहे. दूरच्या गावी महिला सुधारगृहात अधीक्षक म्हणून ती नोकरी धरते. तिथला भ्रष्टाचार, कमिटीवरच्या माणसांची दादागिरी, आतल्या बायांचे हाल, या सगळ्यांशी झगडते. शेवटी राजीनामा देऊन घरी येते तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली. तो काही लपवत नाही. ती राहिली असती तर घर होतंच. ती उंबरठा ओलांडून पुन्हा बाहेर पडते.

हा सिनेमा दाखवला की आमच्या बैठकीत भांडणं होतात. लेकराला सोडून गेली हे बरोबर नाही, असं निम्म्या जणी म्हणतात. नवरा नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातो तेव्हा त्याला कोण विचारतं, असं बाकीच्या. आम्ही निकाल देत नाही. स्मितानंही पडद्यावर दिला नाही. ती रडून सहानुभूती मागत नाही, हे मात्र नक्की बघा.

तिच्या स्वतःच्या संसारावरही लोक बोलले. राज बब्बर या आधीच लग्न झालेल्या नटाशी तिनं लग्न केलं, त्याबद्दल तिला खूप ऐकावं लागलं. बाईंच्या प्रश्नांवर काम करणारी ही दुसऱ्या बाईच्या घरात कशी गेली, असं विचारणाऱ्या बाया तेव्हाही होत्या, आजही आहेत. प्रश्न खोटा नाही. त्याचं उत्तर द्यायला ती उरली नाही, एवढंच.

28 नोव्हेंबर 1986 ला तिला मुलगा झाला. 13 डिसेंबरला, बाळ पंधरा दिवसांचं असताना, ती गेली. वय 31. मुंबईसारखं शहर, पैसा, नाव, मोठे दवाखाने, सगळं हाताशी. तरी बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीनं ती गेली.

इथं थोडं थांबू. बाळंत झाली, बाळ रडलं, पेढे वाटले, की घरात सगळ्यांना वाटतं सुटलो. पण धोका बाळंतपणाच्या दिवशी संपत नाही. पुढचे 42 दिवस बाईला जपावं लागतं. ताप आला तर “दूध उतरलं असेल”, “वारं लागलं असेल” म्हणून शेक देत बसू नका. बाळंतिणीचा ताप 100.4 किंवा त्याच्या वर गेला, थंडी वाजू लागली, अंगावरून घाण वासाचं जाऊ लागलं, ओटीपोटात जोराचं दुखू लागलं, टाक्यांत पू झाला, तर तो पिशवीत जंतू गेल्याचा इशारा असू शकतो. हे जंतू रक्तात पसरले की हातात थोडा वेळ उरतो. तासाभरात पॅड किंवा घडी पूर्ण भिजावी इतकं रक्त जाणं, खूप डोकं दुखून डोळ्यांपुढं अंधारी येणं, झटके, दम लागणं, एक पाय सुजून लाल होणं, हीसुद्धा लगेच दवाखाना गाठायची लक्षणं. 108 ला फोन करा. नवरा शेतातून यायची, सासूबाईंना विचारायची वाट बघू नका. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायचं असतं. त्या आल्या की बाळाचं वजन होतंच, पण आईचं काय दुखतंय तेही तोंड उघडून सांगा. आणि सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत बाजेवर पडलेल्या लेकीच्या कपाळाला रोज हात लावून बघणारं घरात कुणीतरी असू द्या.

ती गेल्यावरही तिचे सिनेमे येत राहिले. जेमतेम दहा-बारा वर्षांत तिनं सुमारे 80 सिनेमे केले होते. त्यातला ‘मिर्च मसाला’ 1987 मध्ये लागला, केतन मेहतांचा. इंग्रजांच्या काळातलं गुजरातचं गाव. सुभेदार गावात तळ ठोकतो आणि त्याची नजर सोनबाईवर पडते. सोनबाई म्हणजे स्मिता. ती त्याच्या थोबाडीत मारते आणि पळत मिरचीच्या कारखान्यात शिरते. म्हातारा राखणदार अबूमियाँ आतून दार लावून घेतो. गावातले पुरुष बसून ठरवतात, की गाव वाचवायचं तर एक बाई देऊन टाकू. कारखान्यात मिरची कुटणाऱ्या बायासुद्धा आधी तिच्यावरच चिडतात, तुझ्यामुळं आमच्यावर संकट, म्हणून. हे फार खरं दाखवलंय. बाया पहिल्यापासून एक नसतात. मुखियाची बायको मात्र, जिनं नवऱ्याला न जुमानता मुलीला शाळेत घातलंय, ती बायांना घेऊन थाळ्या बडवत बाहेर पडते.

हळद उकडून, वाळवून, पॉलिश करताना उडणाऱ्या धुळीनं ज्यांचे डोळे चुरचुरलेत, त्या आपल्या वसमत-कळमनुरीच्या बायांना शेवट सांगायलाच नको. दार फुटतं, अबूमियाँ मारला जातो, सुभेदार आत येतो, आणि ज्या बाया चिडल्या होत्या त्याच बाया कापडात ताजी कुटलेली मिरची घेऊन दोन-दोन जणी पुढं येतात. सगळीकडं लाल धुरळा. पलीकडं हातात विळा घेऊन सोनबाई उभी असते.