दुसरा रिपोर्ट येईपर्यंत

“आमच्या घराण्यात तर कुणालाच असं नव्हतं!” लेकराचे हातपाय सुजले, तपासणीत सिकलसेल ‘पॉझिटिव्ह’ आले, की विदर्भातल्या कितीतरी घरांत हे वाक्य ऐकू येते. आणि बोट जाते सुनेकडे.

थांबा. सोल्युबिलिटी ही पहिली चाचणी एवढेच सांगते, की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. लेकरू नुसते वाहक आहे की आजारी, ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीने ठरते. अलीकडे रक्त चढवले असेल तर डॉक्टरांना सांगावे. रिपोर्ट चुकू शकतो.

तोवरचे दिवस कठीण. रडू येईल, येऊ द्या. पण लेकराला वरचेवर पाणी पाजा, थंडीपासून जपा. ताप, धाप, एकाएकी फिकटपणा किंवा पोट फुगलेले दिसले तर रिपोर्टची वाट न पाहता दवाखाना गाठा.

आणि आजारच निघाला तर? तो आई आणि बाप, दोघांकडून आलेला असतो. वाहकाला सहसा त्रास नसतो, म्हणून घराण्यात कुणाला कळलेले नसते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मुलाची शक्यता २५ टक्के. तेव्हा बापानेही बाही वर करून रक्त तपासून घ्यावे, आणि दवाखान्याच्या बाकावर बायकोशेजारी बसावे.