अनात्मवाद आणि आपली ओळख

तथागतांनी नित्य आत्मा नाकारला. मग 'आम्ही बौद्ध' असे म्हणणारा कोण? पंचस्कंधांच्या प्रवाहाला व्यवहारात दिलेले नाव म्हणजे व्यक्ती. समाजाने लादलेली जातही कारणांतून घडली. म्हणूनच ती नष्ट होऊ शकते. नव्या ओळखीची कारणे बाबासाहेबांनी निर्माण केली. २५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळ देहूरोडला त्यांनी बुद्धमूर्ती स्थापिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षेसह बावीस प्रतिज्ञा दिल्या. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींचा दर्जा मिळाला. मात्र दाखल्यावर पूर्वीची जात राहिली. ती नोंद अन्यायाचा पुरावा होय, आपला स्वभाव नव्हे. बौद्ध कुटुंबात जन्मलेल्या पिढीलाही बौद्धत्व आयते लाभत नाही; शीलपालनाने ते आपणांस प्रतिदिन घडवावे लागते.