घरचा मीटर, बाजारचा मीटर

पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथून मी एक वापरलेला मल्टीमीटर आणला. घरी माझा एक होताच. नवाकोरा सेल दोन्हींवर लावला. बाजारातला म्हणाला १.५८ व्होल्ट, घरचा म्हणाला १.७१. मी अर्थातच बाजारातल्याला खोटं ठरवलं!

बरं, तिसरा मीटर आणावा, तर त्याची खात्री कोण देणार? आपल्या न्यायशास्त्रात याला अनवस्था म्हणतात. ही साखळी कुठंतरी थांबवावी लागते. देशापुरती ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत थांबते. हौशी माणूस एडी५८४ या चिपवर थांबतो. २.५, ५, ७.५ आणि १० व्होल्ट ती बऱ्यापैकी अचूक देते.

२.५ वर बाजारातला मीटर २.५० दाखवत होता, घरचा २.७१. घरच्याची ९ व्होल्टची बॅटरी उतरली होती. अशा वेळी अनेक डिजिटल मीटर आकडा फुगवून सांगतात, कारण ज्या व्होल्टेजशी ते तुलना करतात तेच खाली आलेलं असतं.

आणि याच मीटरच्या भरवशावर मी शेजारच्या मुलाला त्याचा पाच व्होल्टचा पॉवर सप्लाय ‘बिघडलाय’ म्हणून उघडायला लावला होता. आज संध्याकाळी त्याच्याकडे जायचंय.