विळी कापते कशी?

तुमच्या घरात विळी असेल तर ती बहुधा तुमच्यापेक्षा वयाने मोठी असेल. कदाचित तुमच्या आईपेक्षाही. लाकडाचा एक पाट, त्याच्या एका टोकाशी खिळ्यावर फिरणारे बाकदार पाते आणि पात्याच्या शेंड्याला नारळ खवण्यासाठी दातेरी चकती, एवढाच तिचा पसारा. विकत घ्यायला फारसे पैसे लागत नाहीत आणि एकदा घेतली की ती पिढी-दोन पिढ्या सहज चालते. कोकणात तिला मोरळी म्हणतात, गोव्यात आदोळी. कर्नाटकात ती ईळिगे मणे होते. यातल्या ‘मणे’चा अर्थ पाट. बंगाली घरातली बोंटी हीसुद्धा तिचीच बहीण, आणि तिच्यावर भाजीच काय, मोठा मासाही कापतात.

सुरी आणि विळी यांत मोठा फरक कोणता? सुरीने चिरताना भाजी स्थिर असते आणि पाते हलते. विळीवर पाते स्थिर असते आणि भाजी हलते. कापण्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, कारण महत्त्व असते ते भाजी आणि पाते यांच्यातील सापेक्ष गतीला. लाकडाच्या वखारीतही ओंडकाच करवतीकडे सरकवतात, करवत ओंडक्याकडे नेत नाहीत. पण पाते स्थिर ठेवल्याने एक मोठी सोय होते. दोन्ही हात मोकळे राहतात! कोबीचा गड्डा किंवा लाल भोपळ्याची फोड दोन्ही हातांनी धरता येते. खाली फळीही लागत नाही, चिरलेली भाजी थेट ताटात पडते.

मग पाते धरून कोण ठेवते? चिरणाऱ्याचा पाय. भाजी पात्यावर ढकलली की विळी पुढच्या बाजूला उलथू पाहते. समजा, पाटापासून १५ सेंटिमीटर उंचीवर तुम्ही २ किलोग्रॅम वजनाइतका जोर पुढे लावला. उलथवणारे परिबल, म्हणजे जोर गुणिले अंतर, झाले ३०. आता पाटाच्या पुढच्या कडेपासून २० सेंटिमीटर मागे पायाचा ५ किलोग्रॅम भार असला, तर सावरणारे परिबल झाले १००. विळी जागची हलत नाही. विळीवर नीट बसायला आजी का सांगते, त्याचे गणित हे असे आहे. पाय उचलून घाईत काहीतरी चिरायला गेले की सावरणारे परिबल शून्य होते.

आता धारेकडे वळू. अंगठ्याने टोमॅटो दाबला तर तो चेपतो, धारेने दाबला तर कापला जातो. जोर तोच, मग फरक कशाने पडला? क्षेत्रफळाने. अंगठ्याचा टोमॅटोला टेकलेला भाग २ चौरस सेंटिमीटर धरू. १ किलोग्रॅम जोर लावला, तर दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोग्रॅम. धारेची जाडी मिलिमीटरचा शंभरावा भाग धरा आणि तिचा २ सेंटिमीटर लांबीचा भाग टोमॅटोला टेकलेला आहे असे समजा. क्षेत्रफळ आले अवघे ०.००२ चौरस सेंटिमीटर आणि दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला ५०० किलोग्रॅम. आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ पाचशे पट! धार बोथट होऊन तिची जाडी दसपट झाली की हा दाब दहाव्या हिश्शावर येतो. मग चिरणारा काय करतो? जोर वाढवतो. जोर वाढला की टोमॅटो सटकतो आणि बोट पात्यावर जाते. धारदार विळीपेक्षा बोथट विळीची भीती अधिक बाळगावी ती यासाठी.

पण नुसत्या दाबाने सगळा उलगडा होत नाही. चिरणाऱ्या हाताकडे नीट पाहा. तो भाजी पात्यावर सरळ दाबत नाही, धारेवरून सरकवत नेतो. पाते बाकदार असल्यामुळे भाजी त्याला तिरकी भेटते आणि घसरत पुढे जाते. या घसरण्याने दोन गोष्टी साधतात. पहिली घाटातल्या रस्त्यासारखी. डोंगर सरळ चढून जाण्यापेक्षा वळणावळणाने चढणे सोपे, कारण उंची तीच असली तरी चढ कमी होतो. पाते ही एक पाचर आहे. तिच्यावरून तिरके गेले की भाजीच्या दृष्टीने तीच पाचर अधिक निमुळती होते.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची आहे. हार्वर्ड विद्यापीठात एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली अगारच्या मऊ वड्या तारेने कापून पाहिल्या. (अगार म्हणजे आपले चायना ग्रास.) तार सरळ खाली दाबली, तेव्हा वडी बरीच खोल दबली आणि मग एकदम फाटली. तार आडवी ओढत दाबली, तेव्हा वडी फारशी दबलीच नाही. तारेखालच्या नेमक्या जागी ताण वाढला आणि तिथूनच काप सुरू झाला. पिकलेला टोमॅटो रस न गळता विळीवर कसा चिरला जातो, ते आता लक्षात येईल.

हा प्रयोग तुम्हीही घरी करू शकता, आणि त्याला पाते लागत नाही. चायना ग्रासची घट्ट वडी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. शिवणाचा दोरा दोन्ही हातांत ताणून धरा आणि वडीवर सरळ खाली दाबा. वडी कापली जाण्याच्या क्षणी काटा किती दाखवतो ते मित्राला टिपायला सांगा. दुसऱ्या वडीवर दोरा करवतीसारखा पुढे-मागे ओढत दाबा. दोन आकड्यांत किती फरक पडला? दोऱ्याऐवजी मासेमारीची नायलॉनची दोरी घेतली तर? तीही घेऊन पाहा.

कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येते, त्याचाही धारेशी संबंध आहे. कांद्याच्या पेशी फुटल्या की त्यांतील गंधकयुक्त द्रव्यावर विकरांची क्रिया होऊन डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. शिवाय रसाचे बारीक तुषार उडतात ते वेगळेच. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ साली वेगवान कॅमेऱ्याने हे तुषार टिपले. बोथट पाते कांद्याची साल आधी दाबत जाते, आत दाब साठतो आणि साल फाटताच रस फवाऱ्यासारखा उडतो. धारदार पात्याने आणि सावकाश कापले तर तुषार कमी उडतात. विळीवर वाकून कांदा चिरणाऱ्याचा चेहरा नेमका वरच असतो, त्यामुळे त्याने तर धारेची चौकशी आधी करावी.

धार टिकते कशाने? जुन्या विळीचे पाते पोलादाचे असते, म्हणजे लोखंडात थोडा कार्बन मिसळलेला असतो. लोहार ते लालबुंद तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवतो. याला पाते पाणी पाजणे म्हणतात. हळूहळू निवताना कार्बनचे अणू आपापली जागा शोधतात. एकदम निवल्याने त्यांना तेवढी सवड मिळत नाही आणि ते लोखंडाच्या अणूंमध्ये अडकून पडतात. त्यामुळे पोलाद कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून नंतर ते पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा काढतात. हे बेताचे तापवणे फार महत्त्वाचे. धारवाला सायकलच्या चाकावर सहाण फिरवून पाते घासतो, तेव्हा ठिणग्यांकडे सगळेच पाहतात. तुम्ही पात्याच्या कडेकडे पाहा. ती निळी पडली तर समजावे की तिथे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले. तेवढ्याने पोलाद थोडे मऊ पडते आणि केलेली धार लवकर जाते. मधूनमधून पाते पाण्याने गार करणारा धारवाला आपले काम जाणतो.

पोलादाचा एक दोष मात्र आहे. ते गंजते. गंजाने धारेवर खड्डे पडतात, मग कितीही घासले तरी ती खडबडीतच राहते. वापरून झाल्यावर पाते धुवून कोरडे पुसावे आणि बरेच दिवस लागणार नसेल तर त्याला तेलाचा हात फिरवावा. स्टेनलेस स्टीलच्या पात्याला हा त्रास नाही, कारण त्यात क्रोमियम असते आणि त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पात्याचे रक्षण करतो. पण स्वस्त स्टेनलेस पाती बहुधा मऊ असतात व वरचेवर धार मागतात. मला विचाराल तर रोज पुसण्याचे कष्ट परवडले.

तुमच्या विळीचे पाते यांपैकी कोणते, हे ओळखायला कच्चे केळे पुरे. घरातले मोठे माणूस कच्चे केळे किंवा केळफूल चिरील तेव्हा जवळ बसा. फोडी स्टीलच्या पात्यानेही थोड्या तपकिरी पडतील, ते हवेतल्या ऑक्सिजनचे काम. पण पाते साध्या पोलादाचे असले तर त्यावर निळसर काळे डाग उमटतील आणि चिरणाऱ्याची बोटेही काळी होतील. केळ्यातील टॅनिनचा लोखंडाशी संयोग होऊन हा काळा रंग बनतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून लिहिण्याची काळी शाई बनवत, तिच्यातही हीच क्रिया होती. हे डाग लिंबाच्या फोडीने घासून पाहा, आणि ते का जातात याचा विचार करा.