कोणता बाळू?

‘सेलूला निघालोय’ म्हटलं की विदर्भातला माणूस हमखास विचारतो, ‘कोणतं सेलू?’ एक परभणी जिल्ह्यातलं, दुसरं वर्धा जिल्ह्यातलं, आणि दोन्ही तालुक्याची गावं. रेल्वेने यावर साधी तोड काढली. परभणीकडचं स्थानक नुसतं ‘सेलू’, वर्ध्याजवळचं ‘सेलू रोड’. (कर्जतच्या वाटेवरचं शेलू वेगळंच.) माणसं मात्र ‘परभणीचं सेलू’ म्हणून मोकळी होतात.

पटकथेत एकाच नावाची दोन पात्रं आली की हाच पेच पडतो. समजा, सेलूतल्या एका अडत दुकानातला प्रसंग आहे. मालक ओरडतो, ‘बाळू, पोतं उचल!’ हमाल वळतो, मुनीमही मान वर करतो. पडद्यावर हे झकास दिसेल, कारण प्रेक्षकाला चेहरे दिसतात. कागदावर मात्र दोन्ही संवादांवर नुसतं ‘बाळू’ लिहिलं, तर कोणता संवाद कोणाचा हे नटालाच कळणार नाही. म्हणून संवादावर ‘हमाल बाळू’ आणि ‘मुनीम बाळू’ असं लिहायचं, आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तेच ठेवायचं. ‘बाळू १, बाळू २’ हा आळशीपणा. आकड्याला ना धंदा असतो ना स्वभाव.

शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये दोन अँटिफोलस आणि दोन ड्रोमिओ आहेत. त्यांची ओळख गावावरून होते: एक जोडी सिराक्यूजची, एक इफिससची. १६२३च्या छापील प्रतीत मात्र ही ओळखीची लेबलं जागोजागी बदलतात. त्याच नाटकावरून गुलजारांनी १९८२ साली ‘अंगूर’ केला. दोन्ही अशोक संजीवकुमार, दोन्ही बहादूर देवेन वर्मा. नाव तेच, तोंडही तेच. तरी प्रेक्षक चुकत नाही, कारण बाहेरगावहून आलेला अशोक रहस्यकथा वाचून वाचून सगळ्यांवर संशय घेतो आणि दुसरा घरसंसारात अडकलेला आहे. गोंधळ पात्रांचा होतो, प्रेक्षकाचा नाही. माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे.

ऐतिहासिक पटकथेत नाव बदलायची मुभाच नसते. आपल्याकडे गेलेल्या वडीलधाऱ्याचं नाव बाळाला ठेवायची रीत, त्यामुळे इतिहासात नावं परत परत येतात. शिवाजी महाराजांच्या थोरल्या भावाचं नाव संभाजी, मुलाचंही संभाजी. माधवराव पेशवे १७७२ मध्ये वारले आणि १७७४ मध्ये पुतण्या जन्मला तोही माधवराव. मराठीने एकाला ‘थोरले’ केलं, दुसऱ्याला ‘सवाई’. कागदावर ही विशेषणं फार सोयीची.

पण संवादात जपून. १७३५ सालच्या प्रसंगात कोणी सरदार ‘थोरले बाजीराव’ म्हणाला तर हसं होईल, कारण दुसऱ्या बाजीरावांचा जन्म १७७५ चा. धाकटा असल्याशिवाय थोरला कुठला? तिथे ‘राव’ किंवा ‘श्रीमंत’ पुरतं.

पटकथा कोणाला दाखवण्याआधी संवादांवरची नावं झाकून एकदा वाचा. दोन बाळूंपैकी कोण बोलतोय हे कळलं नाही, आणि गोष्टीला दोघं एकाच नावाचे असण्याची गरजही नसेल, तर एकाचं नाव खुशाल बदला.