सेकंदाला ६० वेळा: शाफ्टवाल्या बाइकची थरथर कुठून येते?

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना सुरुवातीची ती घुमी गुणगुण आठवत असेल. जे फक्त वाचतायत त्यांच्यासाठी सांगतो: ताशी सत्तरच्या आसपास फूटरेस्टमधून तळपायाला मुंग्या येतील अशी थरथर, आणि तिच्यासोबत रिकाम्या पिंपावर कोणी बोटं वाजवतंय असा आवाज. माझ्या जुन्या, दोन सिलिंडरच्या शाफ्टवाल्या बाइकचा. मे महिन्यात बायकोला मागे बसवून कोकणात जायचं ठरलं होतं, आणि एका अनुभवी मिस्त्रींचं मत होतं की क्राऊन-पिनियन गेलं. म्हणजे परदेशातून पार्ट, महिनोन् महिने वाट आणि लाखाच्या घरातला खर्च.

त्यांचा दोष नाही. आपल्याकडे बाइक म्हणजे चेन. शाफ्ट तसा नवा नाही. बीएमडब्ल्यूच्या १९२३ सालच्या पहिल्या मोटारसायकलला, आर ३२ ला, तोच होता आणि जुन्या लॅम्ब्रेटा एलडी स्कूटरलाही. पण रोज हाताखालून जात नाही, त्यामुळे आवाज आला की बोट थेट सगळ्यात महागड्या भागाकडे जातं. खरं तर शाफ्टच्या बाबतीत जीपवाले मिस्त्री जास्त उपयोगी पडतात. जॉइंट-क्रॉस हा त्यांचा रोजचा धंदा.

आता आधी काय करायचं? रस्त्यावर जाण्याआधी मागचं चाक वर-खाली दोन्ही हातांनी धरून हलवायचं. मग पुढे-मागे धरून. खटखट प्ले लागला तर बाइक तिथेच ठेवायची, कारण मागचं मोठं बेअरिंग तुटून चाक चालत्या गाडीत अडकू शकतं. नंतर मागच्या गिअरचं ऑइल काढून ड्रेन बोल्टचं चुंबक बघायचं. राखाडी, मऊ चिखल असेल तर ठीक. चमकणारे कण किंवा पापुद्रे असतील तर गंमत संपली. माझ्याकडे चिखल होता, प्ले नव्हता. तेव्हा जरा जीव भांड्यात पडला.

एक चूक बरेच जण करतात: बाइक मधल्या स्टँडवर घेऊन, गिअर टाकून चाक फिरवतात आणि आवाज ऐकतात. चाक लटकलेलं असतं, त्यामुळे शाफ्टच्या जॉइंटचा कोन नेहमीपेक्षा जास्त होतो, शिवाय लोड काहीच नसतो. नसलेला आवाज येतो आणि असलेला येत नाही. त्यापेक्षा रात्री अकरानंतर आमच्या बुधवार पेठेतल्या बोळात इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये गाडी नुसती ढकला. दोन्हीकडच्या भिंती आवाज परत देतात. चाकाच्या फेरीत कुठे ‘टक’ होत असेल तर कानात येतं. (शेजारचे काका गॅलरीत आले, तो भाग वेगळा.) माझ्या गाडीत काहीच टकटक नव्हती. म्हणजे जॉइंटचा क्रॉस बहुधा शाबूत होता.

यानंतर मुद्दा एकच राहतो. आवाज कशाबरोबर चालतो: इंजिनाबरोबर, चाकाबरोबर, की लोडबरोबर? रस्त्यावर एकाच वेगाला गिअर बदलून पाहा. मला थरथर चौथ्यात सगळ्यात जास्त आणि पाचव्यात कमी लागायची. म्हणून आम्ही आधी इंजिनावर संशय घेतला, कार्ब्युरेटर जुळवले, दोन रविवार घालवले. फरक शून्य.

शेवटी विचार केला, आपण आवाजाची माणसं, मोजू की! तापकीर गल्लीत गेलो, बझरमधली पितळी पिझो चकती घेतली, तिला वायर जोडली आणि दुहेरी टेपने मागच्या गिअरच्या डब्यावर चिकटवली. साध्या माइकला नुसता वारा ऐकू येतो. चकतीला फक्त धातूची थरथर कळते. रेकॉर्डर जॅकेटच्या आत. (घरी चाचणी घेतली तर ५० हर्ट्झची गुणगुण! ती गाडीची नाही, भिंतीतल्या विजेची.) मग हायवेवर गुळगुळीत पट्टा शोधून ताशी ७२ चा वेग धरला आणि घरी ऑडॅसिटीमध्ये स्पेक्ट्रम काढला.

७२ च का? हिशेब सोपा होतो. ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर. माझ्या मागच्या टायरचा घेर साधारण २ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला १० फेऱ्या घेतं. क्राऊनला ३३ दात, पिनियनला ११, म्हणून शाफ्ट ३० फेऱ्या. टायरचा बॅलन्स बिघडला तर रेघ १० वर दिसते, शाफ्ट वाकला असेल तर ३० वर. दातांची घासण ३३ गुणिले १०, म्हणजे ३३० वर. आणि युनिव्हर्सल जॉइंट एका फेरीत दोनदा वेग वर-खाली करतो, त्याची रेघ ६० वर.

माझी उंच रेघ नेमकी ६० वर होती. पाचव्या गिअरमध्ये या वेगाला इंजिन ३,००० आरपीएमवर, दोन सिलिंडर मिळून सेकंदाला ५० ठोके. दोन रेघा वेगळ्या. चौथ्यात इंजिन ३,६०० वर जातं आणि त्याचेही ठोके ६० होतात. दोन थरथरी एकमेकींवर बसतात! चौथा गिअर म्हणूनच आम्हाला फसवत होता.

जॉइंटची भानगड अशी. कोनात वाकलेला एक जॉइंट समान वेग देत नाही. कोन १० अंशांचा असेल तर वेग दर फेरीत दोनदा सुमारे दीड टक्का पुढे-मागे होतो. म्हणून शाफ्टच्या दोन टोकांना दोन जॉइंट असतात, एकाची चूक दुसरा पुसतो. पण दोघांचे कान योग्य कोनात जुळलेले हवेत. शाफ्ट दोन तुकड्यांचा आणि मध्ये स्प्लाइन असेल तर तो कुठल्याही दातावर बसतो. चुकीच्या दातावर बसला की चुका पुसल्या जात नाहीत, उलट बेरीज होऊ शकते.

मग आठवलं. थंडीत क्लचसाठी शाफ्ट निघाला होता. काढताना खूण कोणी केली नव्हती. कोणी म्हणजे मीच; बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मीच तो काढला आणि बसवला होता.

रबरी बूट सरकवला तर पुढचे कान आडवे, मागचे चांगलेच तिरके. मॅन्युअल आधी बघा हं, कारण काही गाड्यांमध्ये दोन कोन वेगळे असल्याने कंपनी मुद्दाम थोडा फरक ठेवते. माझ्या गाडीत ते सरळ रेषेत हवे होते. स्प्लाइनला ग्रीस लावून योग्य दातावर बसवला, आणि या वेळी पांढऱ्या रंगाची खूण केली.

त्याच पट्ट्यावर, त्याच वेगाला पुन्हा रेकॉर्डिंग केलं. ६० ची रेघ जवळजवळ गवतात गेली. ३३० ची बारीक रेघ अजून आहे. दातांचा थोडा आवाज असतोच. ती फाइल तारीख घालून ठेवलीये. कोकणातून परत आल्यावर चकती पुन्हा चिकटवली, तर रेघ तेवढीच होती.